खुर्दपुढचं टिंब

जळगावात बसस्टँडमागच्या एका गल्लीत आमचं कार्यालय आहे. कार्यालय म्हणजे दोन टेबलं, एक कूलर, एक सर्व्हर आणि पहूरहून आलेली माझी भागीदार. मे महिन्यात कूलर गरम वारा फेकतो, भागीदार गरम बोलते आणि सर्व्हर या दोघांनाही मागे टाकतो. त्या सर्व्हरच्या पाठीवर मी उडदाचे पापड भाजून खाल्लेले आहेत. भागीदार म्हणते, पापड नागलीचे होते. तेवढा मतभेद सोडला तर गोष्ट खरी आहे.

आमचा धंदा लोकांची माहिती सांभाळण्याचा. केळीच्या ट्रकांची, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची, गावातल्या एका मारवाडी शेठजींच्या साड्यांच्या रंगांची. शेठजींकडे एकट्या जांभळ्याला इतकी नावं होती की ती साठवताना आमचा की-बोर्ड जांभळा पडला. पण सगळ्यात मोठं काम आणलं ते नानांनी.

नाना चोपडा तालुक्यातल्या एका बुद्रुक गावचे केळी बागायतदार. आवाज असा की ते तापीच्या अलीकडे बोलले की पलीकडे अमळनेरच्या म्हशी कान टवकारतात. समाजाची शिरगणती करायची ठरली आणि समितीचं अध्यक्षपद नानांकडे आलं. दुसरं कोणी बोलायला उभं राहिलंच असेल तर ते ऐकू गेलं नसणार. घराघराची नोंद हवी होती. कोण कुठे राहतं, कोण सुरतेला गेलं, कोणाचा मोबाइल कोणता, कोण कोणाचा सोयरा. त्यात नानांच्या मुलीचं लग्नही ठरलेलं. शिरगणती पुरी झाली की त्याच माहितीवरून समाजाला आमंत्रणं जाणार होती, फोनवर, खुद्द नानांच्या आवाजात.

मी नानांना डेटाबेस समजावून सांगितला. म्हटलं, नाना, हे एक गोदाम समजा. गोदामात पिशव्या. या पिशवीला आमच्याकडे डॉक्युमेंट म्हणतात. पिशवीच्या आत कप्पे, प्रत्येक कप्प्याला चावी. चावी सांगायची, कप्प्यातला ऐवज हातात घ्यायचा. आता तुमच्याकडे घरं अमाप, तेव्हा दर घराची एक वेगळी पिशवी करू, वर चिठ्ठी शिवू, आणि चिठ्ठ्यांचा एक इंडेक्स ठेवू. कितीही घरं आली तरी हवी ती पिशवी चुटकीसरशी सापडेल.

"पिशव्या कितल्या?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, जितकी घरं तितक्या.

"मंग समाज एक कसा व्हयना?"

याला कॉम्प्युटरशास्त्रात उत्तर नाही. भागीदारीणबाईंनी दिलं, पण ते नानांच्या आवाजाखाली गेलं. शेवटी ठरलं असं, की पिशवी एकच. तिचं नाव समाज. तिच्या आत गावांचे कप्पे, गावाच्या आत घरांचे कप्पे. सगळा खान्देश एका डॉक्युमेंटात. अख्ख्या देशात कोणी असली पिशवी शिवली नसेल असं मी नानांना म्हणालो, आणि ते त्यांना स्तुतीसारखं वाटलं.

नानांची दुसरी अट होती चावीची. चावी घराची असायला हवी, चुलीची नाही.

ही अट बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण दोन तऱ्हेचं असतं. एक साधं, म्हणजे घरातून एकाने यायचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. मानाचं आमंत्रण ते. मात्र ते चुलीगणिक द्यावं लागतं. एका छपराखाली भाऊ वेगळे रांधत असतील तर ज्याला त्याला वेगळं. आणि नानांना वेगळी चूल या दोन शब्दांची इतकी चीड, की त्यांच्यासमोर कोणी गॅसची दुसरी शेगडी घेतली असं सांगितलं तरी ते घर फुटल्यासारखा चेहरा करत.

या चिडीचं मूळ धुळे जिल्ह्यातल्या एका खुर्द गावी राहतं. गावाचं नाव जाऊ द्या, खुर्द तेवढं लक्षात ठेवा. तिथे नानांची थोरली बहीण दिलेली, अक्का. भावाचा आवाज गुरांना हलवणारा असेल, तर बहिणीचं न बोलणं गुरांना जागेवर बसवणारं. यजमान गेल्यावर अक्कांनी ओसरीच्या टोकाला आपली चूल मांडली आणि मुलाला सांगितलं, तुम्ही तुमचं रांधा, मी माझं. भांडण नव्हतं. त्यांना बाजरीची भाकर पातळ लागायची आणि सुनेची जाड व्हायची, एवढंच. नानांना मात्र ते कधी मान्य झालं नाही. नानांच्या मुलाच्या लग्नाचं चूलबंद आमंत्रण अक्कांच्या मुलाच्या नावाने गेलं, आणि नाना धरून चालले की अक्का त्यातच आल्या. अक्का आल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी त्यांनी आपली चूल अशी पेटवली की धूर शिरपूरपर्यंत दिसला म्हणतात. मी स्वतः तेव्हा जळगावात होतो, आणि माझ्याही डोळ्यांत थोडं पाणी आलं होतं.

त्या दिवसापासून अक्कांनी भावाच्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता. आता घरातलं शेवटचं लग्न होतं. नाना ते बोलून दाखवत नसत. शिरगणतीचा तपशील विचारायला येत आणि खुर्ची सोडताना, पंख्याकडे बघत, धुळ्याकडच्या नोंदी आल्या का, एवढं विचारत. धुळ्याकडच्या म्हणजे कुठल्या ते मला ठाऊक होतं. माझ्या भागीदारीणबाईंनाही ठाऊक होतं. बहुधा पंख्यालाही.

काम सुरू झालं. गावोगावी समाजाचे कार्यकर्ते फोनवर माहिती भरू लागले. येणारी नोंद आधी आमच्या अंगणात पडायची, म्हणजे जशी आली तशी एका बाजूला जमा व्हायची, आणि मग तिथून पिशवीत जायची. नोंद भरली की फोनवर हिरवी टिक यायची. पहिली नोंद नानांनी स्वतःच्या घराची केली. नारळ फुटला, हिरवी टिक आली, टाळ्या पडल्या.

पिशवी भरत गेली तशी जड होत गेली. मोठ्या पिशवीची गंमत अशी, की चोपड्यातल्या एका आबांनी सिमकार्ड बदललं तरी आमच्या प्रोग्रामला सगळा समाज उचलून टेबलावर ठेवावा लागे, आबांचा नंबर खोडावा लागे, आणि पुन्हा सगळा समाज जागेवर. सर्व्हर कण्हायला लागला. तो खरोखर कण्हायचा, शेजारचा झेरॉक्सवाला एकदा विचारून गेला की आत कोणी आजारी आहे का. भागीदारीणबाई मला रोज सांगायच्या, भाऊ, हे असं चालायचं नाही, पिशव्या वेगळ्या करा. मी म्हणायचो, ताई, तुम्ही नानांना सांगा. त्या म्हणायच्या, नाना तुमचे. अशा तऱ्हेने तांत्रिक चर्चा होत असे.

लग्न जवळ आलं. नाना आमच्या कार्यालयात येऊन आमंत्रण बोलले. माईक त्यांनी दूर सारला, आणि खरोखरच त्याची गरज नव्हती. "मी चोपड्याकडचा नाना बोलस," अशी सुरुवात करून त्यांनी समाजातल्या प्रत्येक घराला चूलबंद बोलावलं. शेवटी आवाज जरा खाली आला. तो खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ते म्हणाले, मोठ्यांनी यावं, त्यांच्याशिवाय मांडव उभा राहत नाही.

सकाळी आम्ही बटण दाबलं. जळगाव वाजलं, धुळं वाजलं, नंदुरबार वाजलं. सुरतेच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात एकाच वेळी इतके फोन वाजले की मालकाला वाटलं भूकंपाची सूचना आहे. लोकांचे उलट फोन येऊ लागले. आवाज पोचला, येतो, सगळे येतो. आम्ही चहा मागवला.

नाना सकाळपासून घरी पाटावर बसले होते, फोन समोर ठेवून. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकायचा होता त्यांना. दुपारचं जेवण झालं तरी फोन वाजेना. त्यांनी फोन हलवून पाहिला, उन्हात धरून पाहिला, पोराकडून चार्ज करून घेतला. संध्याकाळी ते जळगावला आले, खुर्चीवर बसले आणि नेहमीपेक्षा बरंच हळू म्हणाले, "मना आवाज माले कसा नही उना?"

मुलीच्या बापालाच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं. भागीदारीणबाईंनी नानांचं घर शोधलं. पिशवीत नव्हतं. नानांचं गावच नव्हतं. मग त्यांनी इतर गावं पाहायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता त्यांचा चहा थंड झाला. जे जे गाव बुद्रुक, ते नव्हतं. जे जे खुर्द, तेही नव्हतं.

आता खान्देशातून बुद्रुक आणि खुर्द वगळले तर उरतं काय? तापी, गिरणा आणि रेल्वेचं फाटक. सरकारने नकाशे काढल्यापासून जे कोणाला जमलं नाही ते आमच्या पिशवीने केलं होतं.

कारण सापडलं ते एवढंसं होतं. आमच्याकडे कोणी खुर्द पूर्ण लिहीत नाही. सातबाऱ्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत सगळीकडे 'खु.' आणि 'बु.', पुढे टिंब. कार्यकर्त्यांनी तसंच लिहिलं, लहानपणापासून लिहीत आले तसं. आणि आमच्या डेटाबेसच्या भाषेत टिंबाचा अर्थ 'च्या आत' असा होतो. समाज, टिंब, चोपडा, टिंब, घर. समाजाच्या आत चोपडा, चोपड्याच्या आत घर. गावाच्या नावातच टिंब आलं, आणि त्यापुढे आमचं आलं, की दोन टिंबांच्या मध्ये काहीच उरत नाही. डेटाबेस विचारणार, बिननावाच्या कप्प्यात कसं ठेवू? आणि नोंद परत पाठवणार. ती तो इमानाने परत पाठवत होता. त्याची तक्रार लॉगमध्ये लिहिली जात होती, आणि लॉग हा मजकूर सातपुड्याच्या दक्षिणेला कोणी वाचत नाही. हिरवी टिक मात्र डेटाबेसचं उत्तर यायच्या आधीच फोनवर उमटायची, उत्साहाने. आम्ही चाचणी घेतली होती, ती जळगाव, चोपडा, पहूर अशा बिनटिंबाच्या गावांवर. चूक माझी की टिंबाची, यावर भागीदारीणबाईंचं आणि माझं मत अजून जुळलेलं नाही.

हे सगळं नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, धुळ्याकडचं खुर्दही गेलं का.

गेलं होतं. म्हणजे अक्कांच्या घरी कोणाचाच फोन वाजला नव्हता, त्यांचाही नाही आणि मुलाचाही नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांत नानांचा आवाज घुमला होता आणि मधलं तेवढं खुर्द सुनं राहिलं होतं. ही बातमी अक्कांपर्यंत गेली नसेल असं मानायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस होता.

नोंदी बुडालेल्या नव्हत्या, अंगणात जशाच्या तशा पडून होत्या. मी म्हटलं, सोपं आहे, टिंब काढू, 'खु.' च्या जागी पूर्ण खुर्द लिहू आणि सगळं पुन्हा पिशवीत ओतू. नानांनी मान डोलावली. आम्ही ओतायला लागलो. बुद्रुक जात होते, जात होते, आणि एका क्षणी जायचे थांबले. डेटाबेसने सांगितलं, पिशवी भरली. एका डॉक्युमेंटला सोळा एमबीची वेस असते, तिच्यापलीकडे तो भगवंताचंही ऐकत नाही. इतके दिवस ही वेस आम्हाला लागली नव्हती, कारण अर्धा खान्देश बाहेर उभा होता.

भागीदारीणबाईंनी कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं, एवढंच.

मग पिशवी फाडायची कशी यावर समितीत फोनाफोनी झाली. जिल्हावार करू म्हटलं तर जळगावची पिशवी आधी की धुळ्याची, यावर समाज त्या संध्याकाळीच दुभंगायला निघाला. तेव्हा भागीदारीणबाईंनी नानांसमोर कागद ठेवला. म्हणाल्या, चावीला कप्प्याचं नाव करू नका. चावी पिशवीच्या आतच ठेवा, ऐवजासारखी. दर पिशवीत दोन गोष्टी, चावी काय आणि ऐवज काय. गावाचं नाव मग नुसतं मजकूर होतं, त्यात टिंब असो, स्वल्पविराम असो, डेटाबेसला सोयरसुतक नाही. पिशव्या हव्या तितक्या होऊ द्या, एकही फुगणार नाही. आणि इंडेक्स चावीवर, म्हणजे शोधायला वेळ नाही. समाज एकच राहतो, गोदाम एकच आहे ना.

नानांना गोदाम पटलं. पण त्या पुढे म्हणाल्या, आता हे सांगा, पिशवी घराची करायची की चुलीची? अंगणात काही घरांच्या दोन-दोन नोंदी आहेत. चावी घराची ठेवली तर दोन्ही एकाच चावीवर येतात.

नानांनी टेबलावरची पेनं सरळ केली. मग विचारलं, "एका चावीवर दोन उनात तर ऱ्हास कोनतं?"

"मागून येणारं राहतं, नाना. आधीचं पुसलं जातं. आवाजसुद्धा होत नाही."

"अक्कानं कोनी भरं?"

बाईंनी पाहून सांगितलं. कार्यकर्ता गेला तेव्हा अक्कांनी आपली नोंद आपण सांगितली होती, चूल वेगळी, रांधणारी एक, जेवणारी एक. मुलाची नोंद त्यानंतरची.

त्या वेळी नानांनी काय विचार केला ते मला माहीत नाही. एरवी मी असा माणूस आहे की माहीत नसलं तरी सांगतो. पण तिथे मी बसलेलो असून काही दिसलं नाही. ते फक्त उठले, दारापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, "चूल लिख. घर नको लिखू."

रात्रीच्या गाडीने ते घरी गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी अंगणातल्या सगळ्या नोंदी चूलवार पिशव्यांत भरल्या. काही पिशव्या इतक्या लहान झाल्या की माझ्या चष्म्याच्या डबीत मावल्या असत्या. शोधायला लागलं तर बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर. सर्व्हर कण्हायचा थांबला. झेरॉक्सवाला पुन्हा येऊन विचारून गेला, आजारी माणूस बरा झाला की गेला.

मग उरलेल्यांना फोन गेले. नानांना त्यांचा स्वतःचा फोन आला. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि शेवटी, येणार असाल तर एक दाबा, असं आल्यावर विचार करून एक दाबलं. आमच्याकडे ते उत्तर नोंदलेलं आहे.

अक्कांनी काही दाबलं नाही. त्यांनी थेट कार्यालयात फोन केला. मीच उचलला.

"पोऱ्यालेबी फोन उना, मालेबी उना," त्या म्हणाल्या. "दोन कसाले?"

मी सांगितलं, अक्का, चुली दोन आहेत म्हणून.

फोनमध्ये मागे कोणीतरी भांडी घासत होतं, बहुधा सून.

"हाई कोनी लिखं?"

मी म्हटलं, नानांनी. लिहिलं बाईंनी, पण लिहायला नानांनी सांगितलं.

"त्याले सांग, मी येसू," अक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी नानांच्या बुद्रुकात मी आणि भागीदारीणबाई दोघेही होतो. समाज आला होता, मी अतिशयोक्ती करत नाही, चोपड्याहून निघालेल्या गाड्यांची रांग मांडवापासून इतकी मागे गेली होती की शेवटची गाडी कोणी मध्य प्रदेशात लावली होती. दुपारी एक जीप आली. मुलगा, सून, नातवंडं उतरली, आणि सगळ्यांच्या मागून अक्का. हातात पोळ्या भाजायचं मातीचं खापर, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या घरात गेल्या नाहीत. अंगणाच्या कडेला बसल्या, तीन विटा मांडल्या, काड्या मागवल्या आणि पेटवलं. मांडवाचा आचारी काही बोलायला निघाला होता, त्याला कोणीतरी मागे ओढलं.

खापरावर पुरणाची पोळी पडली. ती मी पाहिली आहे. हाताच्या कोपरापर्यंत पसरलेली आणि इतकी पातळ, की तिच्यातून पलीकडे उभे असलेले नाना दिसत होते. नाना आले. अक्कांनी वर न बघता पाट पुढे सरकवला. ते त्या वेगळ्या चुलीपुढे बसले आणि जेवले, आवाज न करता, जे त्यांना कठीण गेलं असणार. पहिली पोळी संपल्यावर अक्कांनी दुसरी वाढली.

भागीदारीणबाईंनी पिशवीतून फोन काढला. त्यांचं डोकं सुट्टी घेत नाही. त्या नानांजवळ जाऊन म्हणाल्या, नाना, ही जी नवी चूल मांडली, तिची पिशवी करायची तर गाव काय लिहू? माणूस खुर्दचं, चूल बुद्रुकात.

नानांनी तोंडातला घास संपवला, अक्कांकडे पाहिलं. अक्का काड्या सारत होत्या.

"काय बी लिख," नाना म्हणाले. "टिंब देऊ नको."